रोपं लावून झाली, आता पुढे? आठवी ते बारावीच्या मुलांना पर्यावरणातल्या कामासाठी तयार करताना

पर्यावरण दिन ५ जूनला असतो आणि आपल्याकडच्या शाळा तेव्हा उघडलेल्याच नसतात. त्यामुळे तो जूनच्या अखेरीस, पहिला बरा पाऊस झाला की उरकला जातो. रोपं येतात, फोटो निघतात, घोषवाक्यांच्या पाट्या घेऊन फेरी निघते आणि ज्या शिक्षकांच्या गळ्यात राष्ट्रीय हरित सेनेचं, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण गटाचं, काम पडलेलं असतं ते अहवाल पाठवून मोकळे होतात. यात वाईट काही नाही. पण मार्चमध्ये दहावीतली एखादी मुलगी येऊन विचारते, "सर, मला यातच काम करायचंय, काय घेऊ?" तेव्हा बहुतेक ठिकाणी तिला "बायो घे, पुढचं पुढे बघू" एवढंच सांगितलं जातं. हा सल्ला अर्धवट आहे, आणि काही मुलांच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

हा लेख अशा प्रश्नाला पहिल्यांदाच सामोरं जाणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: या क्षेत्रात पगार मिळतो तो मोजायला, नोंद ठेवायला आणि ठेवलेली नोंद वाचायला. निसर्गाची ओढ लागतेच, पण ती बऱ्याच मुलांत आधीच असते. नोंदीची शिस्त मात्र शिकवावी लागते आणि ती आठवी-नववीतच लागते.

पायरी १ : आधी आपल्या तालुक्यातली कामं शोधा

'पर्यावरणातलं करिअर' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर वाघ आणि कॅमेरा येतो. तो राहू द्या, पण त्याच्या शेजारी बाकीचं जग उभं करा. मुलांना सांगा, आपल्यापासून तीसेक किलोमीटरच्या आत पाणी, कचरा, जंगल, हवा आणि वीज या पाच गोष्टींवर कोणाकोणाला पगार मिळतो त्याची यादी करा.

यादी भराभर वाढते. गावात टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणारा आणि पाण्याचे नमुने घेणारा जलसुरक्षक असतो. ते नमुने ज्या प्रयोगशाळेत जातात तिथे केमिस्ट असतो. वनरक्षक, वनपाल, आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. नगरपालिकेच्या कचरा शेडवरचा मुकादम. गच्चीवर सोलर पॅनल बसवणारा वायरमन. लोटे, तारापूर, कुरकुंभसारखी एमआयडीसी जवळ असेल तर ईटीपी आणि सीईटीपीवर, म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांवर, तिन्ही पाळ्यांना माणसं लागतात. किनाऱ्यावर वन विभागाचा २०१२ साली सुरू झालेला कांदळवन कक्ष आहे आणि वेळाससारख्या गावांत कासवांच्या घरट्यांची राखण करणारे कासवमित्र आहेत. चंद्रपूरकडे ताडोब्याचे गाइड. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे आणि तिच्या कामात हिशेब, वाहतूक, प्रशिक्षण असं बरंच काही येतं.

यादीतल्या दोन-तीन माणसांना मुलांनी प्रत्यक्ष भेटावं आणि मोजके प्रश्न विचारावेत. सकाळी आल्यावर पहिलं काम कोणतं करता? कोणती वही भरता? तुमच्या जागी उद्या नवा माणूस घ्यायचा झाला तर त्याला काय यायला हवं? "तुम्हाला हे काम का आवडतं" हा प्रश्न शक्यतो टाळा. त्यावर समोरचा माणूस भाषण देतो आणि मुलं माना डोलावतात.

पायरी २ : एकच मोजमाप निवडा, पण वर्षभर चालवा

या लेखातलं एकच काही उचलायचं असेल तर हे उचला. दहा उपक्रम करू नका. एक करा आणि जून ते मे न चुकता करा.

गावातल्या शाळेसाठी मला सगळ्यात भावतं ते विहिरीच्या पाणीपातळीचं मोजमाप. खर्च जवळजवळ शून्य आणि हेच काम सरकारी यंत्रणाही करते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरवून घेतलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवते. तुम्ही ती दर महिन्याला नोंदवा.

पक्का कठडा असलेली विहीर निवडा. कठडा नसलेल्या विहिरीच्या जवळ मुलांना फिरकूही देऊ नका, आणि मोजताना मोठं माणूस हजर हवंच. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करा. वर्षभर मोजायचं ते त्याच खुणेवरून. मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधून ती सोडा, वजन पाण्याला टेकलं की खुणेपाशी आकडा वाचा. त्यातून कठड्याची उंची वजा करा. समजा खुणेपासून पाणी ९.४० मीटरवर आहे आणि कठडा ०.९० मीटर उंच आहे, तर पातळी जमिनीपासून ८.५० मीटर खोल. वेळ सकाळची ठेवा, मोटार सुरू होण्याआधीची. मोटार चालू झाली की पाणी उतरलेलं असतं आणि तो आकडा मोटारीबद्दल सांगतो, विहिरीबद्दल नाही.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, वेळ, वाचन, कठडा वजा करून आलेली पातळी आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'काल रात्री मोटार चालू होती', 'गाळ काढला', 'टेप भिंतीला अडकला, दोनदा मोजलं' हे सगळं तिथे यायला हवं. एखाद्या महिन्यात मोजायचं राहून गेलं तर ती ओळ रिकामी ठेवायची आणि शेऱ्यात कारण लिहायचं. इथे शिक्षकाची खरी कसोटी असते. मुलं मागचा-पुढचा आकडा बघून मधला 'अंदाजे' भरतात, कारण रिकामी ओळ वाईट दिसते. त्या एका गोष्टीवर कडक राहा. ईटीपीच्या लॉगबुकात महिनाभर रोज पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा) ७.२ लिहिलेला असेल तर तपासायला आलेल्या माणसाला नमुना न घेताही कळतं की वही खुर्चीत बसून भरलेली आहे. सांडपाणी रोज इतकं एकसारखं वागत नसतं. खोटा भरलेला आकडा हा या धंद्यातला मोठा गुन्हा आहे आणि तो न करण्याची सवय पंधराव्या वर्षी लागली तर लागते.

पावसाची नोंद सोबत ठेवा. शासन महसूल मंडळानुसार पावसाचे आकडे संकेतस्थळावर टाकतं, पण शाळेच्या गच्चीवर आपलं पर्जन्यमापक असलेलं बरं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे गणित समजलं की मुलं शाळेच्या पत्र्यावर किती पाणी पडतं ते आपणहून काढू लागतात.

वर्षअखेरीस दोन्ही आलेख एकाखाली एक काढा. पाऊस जूनमध्ये सुरू झाला तरी विहीर कधी चढू लागली? दोन विहिरी शंभर मीटरवर असूनही वेगळ्या का वागल्या? राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, त्यामुळे असं होतं. या प्रश्नाच्या मागे लागलेला मुलगा पुढे भूशास्त्र घेण्याची शक्यता बरीच आहे, आणि 'बायो घे' म्हणणाऱ्यांच्या डोक्यात भूशास्त्र हा विषय येतच नाही.

शहरातल्या शाळेला विहीर नसेल तर शाळेचा कचरा आठवडाभर ओला-सुका वेगळा करून तोलता येतो. आवारातलं एक झाड निवडून दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं यांची नोंद 'सीझनवॉच' या देशभरच्या प्रकल्पात टाकता येते. पक्ष्यांची आवड असेल तर 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरा. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मतारखांना धरून. सुरुवातीला निमित्त म्हणून तो चांगला आहे, मात्र १३ नोव्हेंबरला वही बंद पडता कामा नये.

पायरी ३ : कागद वाचायला शिकवा

मोठा कारखाना, खाण किंवा बंदर होणार असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार त्याचा पर्यावरणावर होणारा परिणाम अभ्यासावा लागतो आणि बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. या अभ्यासाच्या अहवालाचा सारांश महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मराठीतही असतो. मराठी बोजड असते, पण अकरावीच्या मुलाला जमण्यासारखी.

एक सारांश छापून घ्या आणि मुलांना चार गोष्टी शोधायला सांगा: रोज पाणी किती लागणार, ते कुठून येणार, सांडपाणी किती निघणार आणि ते कुठे जाणार. पाणी आत किती, बाहेर किती हा ताळेबंद जुळतो का ते त्यांनीच पाहावं. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा पीएच ५.५ ते ९, बीओडी (जिवाणूंना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅम आणि सीओडी (रसायनाने ती घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) २५० मिलिग्रॅम अशा आहेत. हे आकडे फळ्यावर लिहून ठेवा. प्रकल्पाच्या बाजूने की विरोधात, ही चर्चा नंतर. आधी कागदात काय लिहिलंय ते नीट सांगता यावं. पर्यावरण सल्लागार, मंडळाचे अधिकारी, हरित लवादापुढे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालतात तिथे, उभे राहणारे वकील आणि आंदोलन करणारे कार्यकर्ते या सगळ्यांचं रोजचं काम इथूनच सुरू होतं.

अकरावी-बारावीच्या 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' विषयात प्रकल्प करावाच लागतो. बाजारातून तयार प्रकल्पवही आणून उतरवण्यापेक्षा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीतलं काम तिथे दाखवा.

पायरी ४ : दहावीच्या निकालाआधी रस्ते समोर मांडा

निकालानंतर घरात गोंधळ असतो, म्हणून ही बैठक जानेवारीतच घ्या.

ज्याला हाताने काम करायला आवडतं आणि लवकर कमवायचं आहे त्याच्यासाठी आयटीआय. वीजतंत्री हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून घरांच्या गच्चीवरची कामं वाढली आहेत. माझं मत विचाराल तर आधी वीजतंत्री करावं आणि सोलर त्यावर चढवावं, म्हणजे सोलरची कामं थंडावली तरी हात रिकामे राहत नाहीत. स्थापत्य किंवा रसायन अभियांत्रिकीचा डिप्लोमा केलेल्यांना पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या कामांत वाव असतो.

विज्ञान शाखा घेणाऱ्यांनी गणित सोडण्याआधी दहादा विचार करावा. भूजल, हवामान, उपग्रह नकाशे, प्रदूषण नियंत्रण या सगळ्यांत गणित लागतं, आणि वन्यजीवांची गणनाही शेवटी संख्याशास्त्रावर चालते. झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत. ओझं होतं खरं, पण बारावीनंतर दोन्हीकडची दारं उघडी राहतात. वनशास्त्राची पदवी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात मिळते. तिथला प्रवेश एमएचटी-सीईटीवरून होतो. वन्यप्राण्यांचा डॉक्टर व्हायचं तर 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकाला जावं लागतं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतला वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. बारावीनंतर थेट तिथे जाता येईल असं बरेच पालक समजून चालतात.

वनखात्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. भारतीय वन सेवेसाठी कुठलीही पदवी चालत नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय पदवीला हवा, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. म्हणजे दहावीनंतर कला शाखेला गेलेल्या मुलासाठी हे दार बहुतेक बंद होतं, आणि हे त्याला बीए झाल्यावर कळतं. राज्याच्या वनसेवेतल्या आरएफओ आणि सहायक वनसंरक्षक या जागा एमपीएससीमार्फत भरतात. तिथेही पदवीच्या विषयांची यादी ठरलेली असते. वनरक्षक मात्र बारावीवर होता येतं. मागच्या भरतीत बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असण्याची अट होती. म्हणून वनरक्षक व्हायचं स्वप्न असलेल्या कला शाखेच्या मुलाने भूगोल घ्यावा. ज्या वर्षी अर्ज भरायचा त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचायची, क्लासच्या पत्रकावर विसंबायचं नाही.

कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना या क्षेत्रात जागाच नाही, हाही असाच एक समज. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा ग्रामसभांना बांबू आणि तेंदूचा व्यवहार करायचा तर हिशेब, करारनामे, ठराव, लिलाव सांभाळणारी माणसं लागतात. समाजकार्य, कायदा, अर्थशास्त्र, पत्रकारिता शिकलेल्यांचं हे काम. पाणलोटाच्या कामातही अर्धा वेळ लोकांशी बोलण्यात जातो. हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद गावात ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि कोणतं पीक घ्यायचं हे त्यावरून ठरतं. तो मांडणाऱ्याला माणसं समजावी लागतात.

पायरी ५ : पाय, संगणक आणि दोन भाषा

वनखात्यात जायचं तर पळायला सुरुवात आत्ताच. वनरक्षक भरतीत मुलांना ५ किलोमीटर आणि मुलींना ३ किलोमीटर धावावं लागतं. भारतीय वन सेवेत चार तासांत पुरुषांना २५ आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. बाकीच्यांनाही उन्हात चार तास उभं राहायची सवय हवी.

संगणकावर एक्सेल आधी. विहिरीची वही त्यात चढवणं, आलेख काढणं, सरासरी काढणं एवढं दहावीपर्यंत यावं. अकरावीत क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं नकाशांचं सॉफ्टवेअर बसवा आणि आपल्या गावाचा नकाशा त्यावर करून पाहा. इस्रोचं 'भुवन' संकेतस्थळ उघडून गावचा ओढा कुठून येतो ते शोधणं हा चांगला पहिला धडा. शाळेतला संगणक जुना असेल तर क्यूजीआयएस रडतखडत चालतं, धीर धरा.

पुढे अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात, त्यामुळे इंग्रजी टाळून चालणार नाही. मुलांनी महिन्याला एक पान निरीक्षण मराठीत आणि तेच इंग्रजीत लिहावं. झाडापक्ष्यांची गावातली नावं मात्र वहीत जशीच्या तशी ठेवावीत. गावकऱ्याशी बोलताना 'टर्मिनालिया' उपयोगी पडत नाही, 'ऐन' पडतो.

पायरी ६ : भेट सहलीसारखी नेऊ नका

चाळीस मुलं घेऊन सीईटीपीवर गेलात तर मागच्या तीस जणांना फक्त वास कळतो. आठ-दहा जणांचा गट करा. आधी लेखी परवानगी घ्या, पायांत बूट सक्तीचे, टाक्यांच्या कठड्यावर कुणी वाकायचं नाही, न विचारता फोटो काढायचे नाहीत. तिथल्या केमिस्टला मुद्दाम विनंती करा की एक नमुना मुलांसमोर घ्या आणि वहीत भरेपर्यंत सगळं दाखवा. बीओडीची चाचणी लागलीच होत नाही, नमुना काही दिवस ठरलेल्या तापमानात ठेवावा लागतो, हे तिथे उभं राहून ऐकलेलं मूल विसरत नाही.

मुंबईच्या मुलांना गोरेगावला बीएनएचएस या निसर्ग अभ्यासाच्या जुन्या संस्थेचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, ऐरोलीला खाडीकाठचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. बाकी ठिकाणी तालुक्याची पाणी प्रयोगशाळा किंवा वनखात्याची रोपवाटिका पुरते. रोपवाटिकेत पिशव्या भरण्यापासून बियांच्या उगवणीची टक्केवारी काढण्यापर्यंत सगळं बघायला मिळतं.

पायरी ७ : घरच्यांशी पैशांचं बोला

हा भाग सगळे टाळतात. सरकारी जागा थोड्या असतात आणि भरती कधी निघेल याचा नेम नसतो. संस्थांमधली कामं बहुतेक करारावर चालतात, प्रकल्प संपला की माणूसही सुटतो. कारखान्यातलं ईटीपीचं काम नियमित पगाराचं असतं, पण रात्रपाळी असते आणि वास असतो. खासगी सल्लागाराकडे पैसे बरे, मात्र अहवाल 'जमवून' देण्याचा दबाव येतो. दुसऱ्या पायरीतल्या रिकाम्या ओळीचा हट्ट तिथे कामी येतो.

पालकांसमोर हे जसंच्या तसं मांडा आणि दोन रस्ते धरायला सांगा: एक मनातला, एक पोटापाण्याचा, दोन्ही एकाच पदवीवर जमतील असे. रसायनशास्त्राची पदवी घेतली तर पाण्याची प्रयोगशाळा आहे आणि वन सेवेची परीक्षाही आहे. स्थापत्य घेतलं तर पाणीपुरवठ्याची नोकरी आहे आणि वन सेवेची परीक्षा तिथेही देता येते. मुलगी असेल तर जंगलातल्या नोकरीला घरून पहिला नकार येतो. अशा वेळी जवळच्या परिक्षेत्रातल्या एखाद्या महिला वनरक्षकाला शाळेत बोलवा आणि आईला पहिल्या रांगेत बसवा. आपण तासभर समजावतो ते ती दहा मिनिटांत सांगून जाते.

बारावी होताना मुलाच्या हातात एक फाइल असावी: मोजमापाची मूळ वही, तीही खाडाखोडीसकट, कारण स्वच्छ उतरवलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही. आलेख, एका सारांशावरचं स्वतःचं दोन पानी टिपण, भेटींची तारीखवार नोंद. आणि शिक्षकाचं एक पत्र, ज्यात 'होतकरू व मनमिळाऊ' असं न लिहिता त्याने काय मोजलं, किती महिने मोजलं आणि किती वेळा मोजायचं राहिलं ते लिहिलेलं असावं.